खिडकीच्या जागी दार: ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

पुण्या-नाशकातल्या वीस-तीस वर्षांपूर्वीच्या रो-हाउसांची रचना बहुतेक ठरलेली असते. मागच्या खोलीला चार बाय चारची ग्रिलवाली खिडकी. खिडकीपलीकडे कढीपत्ता, जास्वंद, कपडे वाळत घालायची दोरी. तिथं जायचं तर मात्र स्वयंपाकघरातल्या अरुंद दारातून, सिलिंडरला वळसा घालून. मग कधीतरी घरात विषय निघतो: ही खिडकी काढून तिथं फ्रेंच दार बसवलं तर? मधून उघडणाऱ्या दोन काचेच्या झडपा, बाहेर दोन पायऱ्या, की परस थेट खोलीला जोडला गेला. कल्पना चांगली आहे. पण यानंतर मेहुण्यापासून फॅब्रिकेटरपर्यंत सगळे जे सल्ले देतात, त्यातले निम्मे तरी चुकीचे असतात. आणि लोक महिनोन्महिने घासाघीस करतात ती दारावर, खरं काम मात्र भिंतीचं आणि पाण्याचं असतं.

भिंतीबद्दलचे दोन समज एकमेकांच्या अगदी उलट आहेत. एक म्हणजे, “भिंत फोडली की घर खिळखिळं होतं.” दुसरा, “आरसीसी आहे, कुठेही फोडा.”

आपल्याकडे खिडकीची खालची कड साधारण तीन फुटांवर आणि वरची सात फुटांवर असते. दाराची वरची कडही सातच फुटांवर. खिडकीच्या डोक्यावरचा लिंटेल वरच्या विटांचा भार दोन्ही बाजूंना वाटून देतो. त्यामुळे खिडकीखालचा तीन फुटांचा तुकडा फारसा भार घेत नाही. खिडकीची रुंदी तीच ठेवून फक्त खाली जायचं असेल, तर लिंटेलला हात लावावा लागत नाही. लोड बेअरिंग घरातही हे सहसा निभतं.

प्रकरण अवघड होतं ते आडवं वाढताना. चार फुटांची खिडकी सहा फुटांचं दार व्हायची असेल, तर जुना लिंटेल निकामी ठरतो. नवा लिंटेल दोन्ही बाजूंना भिंतीवर किमान सहा-सहा इंच टेकायला हवा. म्हणजे तो सात फुटांचा झाला. तो ओतून पक्का होईपर्यंत वरची भिंत टेकूंवर उभी ठेवायची. लोड बेअरिंग घरात त्या भिंतीवर स्लॅबही टेकलेला असतो, तेव्हा हे गवंड्याच्या अंदाजावर सोडायचं काम नव्हे. आरसीसी सांगाड्यात स्लॅबचा भार बीम-कॉलमवर जातो हे खरं, पण दारावरच्या विटांना लिंटेल तिथंही लागतोच, आणि भिंत समजून कॉलमची कड तासणारे ब्रेकरवाले आहेतच. कोयना (१९६७) आणि किल्लारी (१९९३) या भूकंपांनी दिलेला धडा असा, की विटा-दगडांच्या घरात भिंतीभोवती फिरणारे काँक्रीटचे पट्टे घर एकसंध ठेवतात. काही घरांत असा एक पट्टा खिडकीच्या तळाशीही असतो. तो दिसला, किंवा उघडी जागा घराच्या कोपऱ्याच्या दीड-दोन फुटांत येत असली, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर, मग हातोडा.

“मग चार फुटांतच दोन झडपा बसवू,” असं पुढं ठरतं. चौकट वजा केली की एकेक झडप एकवीस-बावीस इंचांची उरते. ओल्या कपड्यांची बादली घेऊन त्यातून आडवं व्हावं लागतं, म्हणून रोज दोन्ही झडपा उघडाव्या लागतात, आणि चार महिन्यांत ते दार खिडकीसारखंच बंद राहायला लागतं. त्यापेक्षा झडपा असमान करा. एक अडीच फुटांची, रोज वापरायची. दुसरी उरलेल्या फूटभराची, वर-खाली खटक्यांनी बंद, पाहुण्यांपुरती उघडायची. दिसायला जरा कमी डौलदार, पण चालणारं दार हेच.

फोडण्याआधी खिडकीखाली काय दडलंय तेही पाहावं. एसीचा पाइप, बागेच्या नळाची लाइन, प्लगची वायरिंग हे सगळं नेमकं त्याच तीन फुटांतून गेलेलं असतं. आणि फोडायचं ते फरशीच्या पातळीपर्यंतच. जोत्याला हात लावायचा नाही. जोतं जमिनीपासून दीड फूट उंच असेल तर बाहेर तीन पायऱ्या येतात, आणि दार बाहेर उघडणार असेल तर पायऱ्यांआधी पुरेसा कट्टा हवा. नाहीतर दार ओढणारा माणूस मागं सरकता सरकता थेट कढीपत्त्यात.

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज पावसाचा. “भारी कंपनीचं दार घेतलं की पाणी येत नाही.” खिडकीत पाणी आलं तर ते कट्ट्यावर साचतं, फडक्यानं टिपता येतं. दारात आलेलं पाणी थेट फरशीवर, सोफ्याखाली. तिरप्या सरींचं पाणी काचेवरून ओघळतं आणि सगळं झडपेच्या तळाशी जमा होतं. तिथं वारा त्याला आत रेटतो. शिवाय छज्ज्याच्या कडेला आलेला थेंब लगेच खाली पडत नाही. तो छज्ज्याच्या पोटाला चिकटून मागं सरकतो आणि भिंतीवरून उतरत चौकटीच्या माथ्याशी येतो. याला इलाज म्हणजे छज्ज्याच्या कडेजवळ खालून ठेवलेली बोटभर खाच. गवंडी तिला ड्रिप मोल्ड म्हणतात. खाचेशी आलेला थेंब तिथंच सुटतो. ती नसेल तर कितीही सिलिकॉन भरा, दर जुलैत भिंत ओली.

दुसरी गोष्ट उंबरठ्याची. आजकाल आतली-बाहेरची फरशी एका पातळीत ठेवायची हौस आहे. फोटोत ते छान दिसतं. पण नैऋत्येकडून पाऊस अंगावर घेणाऱ्या दाराला इंच-दीड इंचाचा उंबरठा, बाहेरच्या कट्ट्याला बाहेरच्या बाजूला उतार आणि वर रुंद छज्जा, हे तिन्ही हवेत. घरात व्हीलचेअर किंवा वॉकर असेल तर मात्र उंबरठा अडतो. तिथं दारापुढं छप्पर घेऊन उंबरठा काढावा, म्हणजे पाऊस दारापर्यंत येतच नाही.

दार आत उघडावं की बाहेर? जुन्या सवयीनं “आत” असं उत्तर येतं. पावसाच्या तोंडावर मात्र बाहेर उघडणारं दार सरस, कारण वारा त्याला चौकटीवर आणखी घट्ट दाबतो. मच्छरांची जाळी मग आतल्या बाजूला येते, तेही सोयीचं. एकच काळजी: बाहेरच्या बिजागऱ्यांची पिन खेचून निघणारी नसावी, आणि उघडं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून खटका असावा. कोकणात तर हा सुरक्षेचा प्रश्न आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. अशा वादळात एखादं दार उघडलं गेलं की वारा आत भरतो आणि हलकं छप्पर आतून वर ढकलतो. मधल्या एका कुलपावर भिस्त ठेवण्यापेक्षा वर, खाली आणि मध्ये असं तीन ठिकाणी अडकणारं लॉक घ्यावं. आपल्या आज्यांचा आडवा अडसर हेच काम करत होता.

“काचेचं दार म्हणजे चोराला आमंत्रण.” साधी काच असेल तर हो. टफन्ड काच साध्या काचेपेक्षा बरीच मजबूत असते आणि फुटलीच तर तिचे बोथट, बारीक तुकडे होतात. नातवंडं धडकणाऱ्या घरात हे महत्त्वाचं. पण फुटल्यावर ती सगळीच खाली येते, म्हणजे चोराला वाट मोकळी. लॅमिनेटेड काचेत दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असतो. तडे गेले तरी ती चौकटीत तग धरते, आणि ती पार करायला वेळ व आवाज दोन्ही लागतात. परसाकडच्या दाराला मी तीच घेईन. ग्रिलचं सरकतं दार लावायचं तर लावा, पण त्याची किल्ली रात्री दाराजवळ हाताशी असू द्या. आग लागली तर हेच दार बाहेर पडायची वाट असतं.

उन्हाबद्दल “डबल ग्लास लावली की खोली थंड” हेही अर्धंच खरं. दोन काचांमधली हवा बाहेरची गरमी थोडी अडवते, पण साध्या पारदर्शक काचेतून ऊन आत येतच राहतं. दिशा जास्त महत्त्वाची. दक्षिणेकडच्या दाराला दोन फुटांचा छज्जा उन्हाळ्याच्या दुपारी पुरतो आणि डिसेंबरचं कोवळं ऊन आत येऊ देतो. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. पश्चिमेला मात्र सूर्य खाली आलेला असतो, तिथं छज्जा काही करू शकत नाही. वाळ्याचा पडदा, वेल किंवा झाड, हाच उपाय.

सागवान, यूपीव्हीसी की ॲल्युमिनियम, यावर तासन्‌तास वाद होतात. सागवान पावसाळ्यात थोडं फुगतं आणि मातीलगत वाळवीपासून जपावं लागतं. यूपीव्हीसीला वाळवी लागत नाही, पण आत लोखंडी पट्टी आहे का ते विचारा. समुद्राजवळ असाल तर चौकटीपेक्षा स्क्रू आणि बिजागऱ्या आधी गंजतात, त्या चांगल्या स्टीलच्या घ्या. एवढं पुरे.

“घर माझं, भिंत माझी, परवानगी कसली?” स्वतंत्र बंगला असला तरी बाहेरची भिंत बदलताना नगरपालिकेत किंवा महापालिकेत विचारून घ्यावं, कारण पायऱ्या आणि कट्टा मार्जिनच्या जागेत येतात. सोसायटीत तळमजल्याच्या फ्लॅटवाल्यांनी अधिकच. बाहेरची भिंत सामाईक असते, आणि खिडकीमागची बाग बहुधा सोसायटीची मोकळी जागा असते. बिल्डरनं तोंडी “गार्डन तुमचंच” म्हटल्यानं ती तुमची होत नाही. सोसायटीची लेखी परवानगी घेतलेली बरी, नाहीतर पुढच्या सर्वसाधारण सभेचा पहिला विषय तुमचं दार असेल.

कामाला दिवाळीनंतरचे महिने चांगले. मेअखेरीला भिंत फोडली आणि पाऊस लवकर आला, की ताडपत्री लावून बसायची वेळ येते. दाराची ऑर्डर भिंत फोडून, कडा प्लास्टर करून झाल्यावर, तीन ठिकाणी मापं घेऊनच द्या. टफन्ड काच एकदा तयार झाली की तिची कड इंचभरही कापता येत नाही.