पैसा किती वर्षं जगवतो?

माणूस गरीब म्हणून आजारी पडतो, की आजारी पडल्यामुळे गरीब होतो? आरोग्यातली विषमता मोजायला बसलं की पहिली गाठ इथेच बसते. कर्करोगाने नोकरी सुटते, उत्पन्न घसरतं आणि मृत्यू गरिबांच्या खात्यात जमा होतो. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये अमेरिकेचा अभ्यास मांडला, त्यात साधा तोडगा होता: कामाच्या वयातल्या माणसाचं दोन वर्षं आधीचं उत्पन्न धरायचं. (तोडगा अर्धामुर्धाच, काही दुखणी दहा-दहा वर्षं पोखरतात.)

प्राप्तिकराच्या नोंदी मृत्यूनोंदींशी जुळवल्या, तेव्हा चाळिशीच्या टप्प्यावर सर्वांत श्रीमंत एक टक्का पुरुषांचं अपेक्षित आयुर्मान सर्वांत गरीब एक टक्क्यापेक्षा १४.६ वर्षांनी जास्त निघालं, बायकांत १०.१. खरी मेख पुढे आहे. २००१ ते २०१४ या काळात वरच्या पाच टक्क्यांतल्या बायकांच्या आयुर्मानात जवळपास तीन वर्षांची भर पडली, तळच्या पाच टक्क्यांतल्या बायकांना मिळाले जेमतेम पंधरा दिवस! नुसती सरासरी पाहिली तर हे कधीच दिसलं नसतं.

आणि गरिबाला गावही नडतं. न्यूयॉर्कमधला गरीब डेट्रॉइटमधल्या गरिबापेक्षा जास्त जगतो. श्रीमंतांना मात्र शहर बदलून फारसा फरक पडत नाही.