दिसतं ते साठतंच असं नाही

ऑफिसातला संगणक बिघडतो तेव्हा नुकसान बहुधा आधीच होऊन गेलेलं असतं. ते कुठे होतं आणि टाळायचं कसं?

महिनाअखेरीला पगाराची यादी एक्सेलमध्ये तयार होते, बँकेच्या पोर्टलवर चढते आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या दोघातिघांचा पगार परत येतो. यादी तर दोनदा डोळ्यांखालून गेलेली असते, बेरीजही पैशाला पैसा जुळलेली असते. चूक सापडते ती खातेक्रमांकात. एक्सेलला नुसते आकडे दिसले की तो त्यांना हिशेबातली संख्या समजतो. संख्येच्या डावीकडच्या शून्याला हिशेबात किंमत नसते, म्हणून ते तो गाळून टाकतो. शिवाय पंधरा अंकांपर्यंतच तो संख्या नेमकी ठेवतो, त्यामुळे सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. मागाहून त्या रकान्याचं फॉरमॅट ‘टेक्स्ट’ केलं तरी गेलेला अंक परत येत नाही. एनईएफटीत पैसे जमा होतात ते खातेक्रमांक पाहून, नाव पाहून नव्हे. पगार परत आला हे नशीबच म्हणायचं. तो भलत्याच्या खात्यात गेला असता तर निस्तरता निस्तरता पुरेवाट झाली असती.

उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे. आकडे भरण्याआधी रकाना ‘टेक्स्ट’ करायचा किंवा प्रत्येक क्रमांकाआधी एकेरी अवतरणचिन्ह टाकायचं. हे बटण कुणीही दाखवील. पण ते वेळेवर आठवायचं, तर खातेक्रमांकाची बेरीज-वजाबाकी कधीच करायची नसते, तो आकड्यांचा असला तरी मजकूरच आहे, हे डोक्यात पक्कं असावं लागतं.

महाराष्ट्रात 2001 साली एमएस-सीआयटी सुरू झाली आणि गावोगावच्या केंद्रांत लाखो लोकांचा हात माउसवर बसला. हे काम मोठंच झालं. मात्र ऑफिसात लागणारं कौशल्य त्याच्या पुढे सुरू होतं. पडद्यावर दिसतंय ते आत नेमकं कोणत्या रूपात, कुठे आणि किती ठिकाणी साठलंय, एवढं ज्याला सांगता येतं त्याला संगणक येतो. बाकीच्यांना संगणक वापरता येतो, इतकंच.

पासष्ट हजार ओळींनंतर

मोठ्या संस्थाही इथेच पाय घसरून पडतात. ऑक्टोबर 2020मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेच्या लक्षात आलं, की आठवडाभरातले 15,841 कोविडबाधित रोजच्या आकडेवारीत आलेच नाहीत. प्रयोगशाळांकडून आलेली माहिती एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलमध्ये भरली जात होती. त्या प्रकारात 65,536 ओळी मावतात. 2007 पासूनच्या नव्या प्रकारात 10,48,576. मर्यादेपलीकडची माहिती फाइलबाहेरच राहिली. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध तितका लांबला. आपल्याकडच्या कित्येक ऑफिसांत आजही जुन्या प्रकारातली फाइल वर्षानुवर्षं ‘सेव्ह ॲज’ होत पुढे चालत असते, कारण पहिल्यांदा ती कुणीतरी तशी बनवली होती.

मराठी दिसते, पण असते का?

मराठी ऑफिसांत याच दुखण्याचा देशी अवतार भेटतो तो फॉन्टमध्ये. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये ‘मराठी’ हा शब्द टाइप केला, तर संगणकात साठतात ती इंग्रजीची ई, जे, के, बी आणि एच ही पाच अक्षरं. फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा पोशाख चढवतो. तीच फाइल फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की पोशाख उतरतो आणि समोर इंग्रजी अक्षरांचा काला उरतो. ‘फाइल करप्ट झाली’ अशी तक्रार जाते, पण फाइल ठणठणीत असते. तिच्यात मराठी कधी नव्हतीच.

यावरचा इलाज जुना आहे. 1991 साली आलेल्या युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. युनिकोडमध्ये ‘म’ हा ‘म’ म्हणूनच साठतो, त्यामुळे तो मोबाइलवरही दिसतो, शोधताही येतो आणि अकारविल्हे लावताही येतो. टाइप करायला इनस्क्रिप्ट कळफलक विंडोजमध्ये आधीपासून असतो, वेगळं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. ‘दुसऱ्या’मधला अर्धा र कसा काढायचा, हा नेहमीचा प्रश्न: शिफ्ट धरून जे, मग पाय मोडायला डी, मग य. हाताला वळण लागेपर्यंत चिडचिड होते, नंतर कळफलकाकडे बघावंही लागत नाही.

युनिकोडमध्येही एक खोडी आहेच. ‘ॲ’ हे अक्षर त्यात स्वतंत्रपणे आलं ते 2008 साली. त्याआधी लोक अ टाइप करून वर चंद्र देत, आजही देतात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब एकसारखी, आत मात्र वेगळी. त्यामुळे यादीत ‘ॲडव्हान्स’ समोर दिसत असूनही शोध हात हलवत परत येतो. ऑफिसापुरता एक नियम ठरवून टाकला, की ही कटकट मिटते.

घानामधली वीज गेली म्हणून

27 जून 2017 रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून पसरला आणि मर्स्क ही बलाढ्य जहाज कंपनी काही तासांत आंधळी झाली. आपल्या न्हावा शेवा बंदरात तिच्या गटाकडून चालवल्या जाणाऱ्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं. कंपनीच्या नेटवर्कमध्ये कोण कोण आहे आणि कुणाला कशाची परवानगी आहे, याची नोंद ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर जगभर होते. ते सतत एकमेकांची नक्कल ठेवत, म्हणून एखादा गेला तरी बिघडत नसे. या वेळी सगळेच एकदम गेले. वाचला तो एकच, घानामधला. कारण हल्ल्याच्या आधीच तिथली वीज गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटला होता. तिथलं इंटरनेट इतकं मंद, की त्यातली माहिती इंग्लंडला पाठवायला दिवस लागले असते. शेवटी हार्ड डिस्क विमानाने न्यावी लागली.

नक्कल आणि बॅकअप या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे यापेक्षा चांगलं कोण शिकवणार? ‘आमचं सगळं ड्राइव्हवर असतं’ असं म्हणणाऱ्या ऑफिसाने हे ध्यानात घ्यावं. सिंक होणाऱ्या फोल्डरमध्ये चुकून फाइल पुसली, तर ती सगळीकडून इमानेइतबारे पुसली जाते. काही दिवस ती कचरापेटीत राहते, पण गेल्याचं लक्षात येईपर्यंत ते दिवस उलटून गेलेले असतात. जाणकार जो 3-2-1 नियम सांगतात तो साधा आहे: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक ऑफिसाबाहेर. छोट्या पेढीला दोन बाह्य हार्ड डिस्क पुरतात. एक जोडलेली, दुसरी काढून मालकाच्या घरी. दर शुक्रवारी अदलाबदल.

‘चालत नाही’ म्हणजे काय?

आयटीवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर सर्वांत जास्त येणारा निरोप असतो: ‘पीसी चालत नाहीये, लवकर या.’ यावरून त्यांना काहीच कळत नाही. काय करत होतात, पडद्यावर शब्दशः काय आलं, कधीपासून, शेजारच्या टेबलावरही तसंच होतंय का आणि त्याआधी नवीन काय जोडलं किंवा बदललं, या पाच गोष्टी कळवल्या तर निम्मे फेरे वाचतात. विंडोज, शिफ्ट आणि एस ही बटणं एकदम दाबून पडद्याचा फोटो पाठवला तर आणखी बरं.

‘बंद करून चालू केला का?’ या प्रश्नावर लोक ‘हो’ म्हणतात, तेही खरंच असतं. गोम अशी, की विंडोज 8 पासून ‘शट डाउन’ केल्यावर संगणक पुरता झोपत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून विंडोजचा गाभा तो डिस्कवर जपून ठेवतो आणि सकाळी तोच, अडकलेल्या गाठीसकट, पुन्हा उघडतो. सगळं नव्याने सुरू व्हायला ‘रीस्टार्ट’च करावं लागतं.

सपोर्ट देणाऱ्यांसाठीही एक धडा आहे. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे 85 लाख विंडोज संगणक निळे पडले. भारतात विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले. दुरुस्ती सोपी होती, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. पण बहुतेक ठिकाणी ती एकेका यंत्रापाशी बसून करावी लागली आणि ज्यांची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद होती, त्यांना आधी 48 अंकी किल्ली हवी होती. ती किल्ली बंद पडलेल्याच संगणकात ठेवणाऱ्यांची काय गत झाली असेल, सांगायला नको.

सामान घेताना

खर्चाची यादी त्यामानाने लहान आहे. जुन्या संगणकात हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली तर तो नव्यासारखा पळतो. पण विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025ला संपला आहे, तेव्हा ते यंत्र विंडोज 11 घेईल का हे आधी पाहा. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत दम तोडते, ती बदलण्याची तारीख वरच चिकटवा. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. शाई कागदावर वितळवणारा त्याचा रोलर तापताना एकदम इतकी वीज ओढतो, की छोटा यूपीएस बसतो. आणि पावसाळ्यात, कोकणात तर हमखास, कागद अडकू लागला की मेकॅनिकला बोलावण्याआधी रीम बदलून बघा. उघडी पडलेली रीम दमट हवा पिते.

यातलं काहीही शिकायला पदवी लागत नाही, कामाच्या वेळातला वेळ लागतो. तो देण्याचा अधिकार साहेबांकडे किंवा मालकाकडे असतो. त्यांनी महिन्यातून एकदा कुठलीही एक फाइल बोट ठेवून निवडावी आणि ‘ही हरवली समजा, बॅकअपमधून काढून दाखवा’ असं म्हणावं. ती अर्ध्या तासात निघाली, तर ऑफिसची तब्येत ठीक आहे. नाही निघाली, तर नवे संगणक घेण्याचा प्रस्ताव थोडा बाजूला ठेवून आधी हे काम हातात घ्यावं.