अजिंठा दुसऱ्यांदा पाहिला



अजिंठ्याची लेणी मी दोनदा पाहिली. पहिल्यांदा चौथीत असताना, शाळेच्या सहलीबरोबर. तेव्हा हिवाळा होता. सतराव्या लेण्यात कमळांच्या तळ्यातले हत्ती दिसले आणि मी ओल्या हातानेच ते दाखवायला पुढे झाले. पहारेकरी काका ओरडले, "बाळ, हात मागे घे!" सगळे हसले. मला फार राग आला. बाकीचं काही नीट पाहिलंच नाही.

यंदा श्रावणात मामांबरोबर पुन्हा गेले. वाघूर नदी दुथडी भरून वाहत होती आणि दरीच्या टोकाला धबधबा कोसळत होता. मामा म्हणाले, "अगं, ही दरी पाण्यानंच कोरली." हजारो वर्षं वाहून नदीने काळ्या कातळात घोड्याच्या नालासारखं वळण केलं. त्याच कड्यात पुढे माणसांनी ३० लेणी खोदली. बौद्ध भिक्खू एरवी गावोगाव फिरत, पण पावसाळ्यात एका जागी राहत. त्यांना निवारा हवा आणि जवळ पाणीही हवं. इथे दोन्ही होतं. लेण्यांतून नदीकडे उतरायला दगडी पायऱ्या होत्या.

मग चित्रं पाहिली. पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या हातात कमळ आहे. दुसऱ्या लेण्याच्या छतावर हंस आहेत. एकाची मान वळलेली, एकाचे पंख उघडलेले. ज्यांनी ही काढली ते पाण्याकाठी तासन्‌तास बसले असणार, असं मला वाटलं.

ही चित्रं कशी केली तेही मामांनी सांगितलं. खडबडीत दगडावर माती, भाताचा तूस आणि गवताचे धागे कालवून गिलावा देत. त्यावर चुन्याचा पातळ हात फिरवत. तो वाळला की डिंक-सरसात कालवलेले रंग लावत. बहुतेक रंग माती-दगडांचे. निळा मात्र अफगाणिस्तानातून येणाऱ्या दगडाचा.

आता मुख्य गोष्ट. असा रंग पाण्याने सुटतो. कातळातून झिरपणारी ओल, आपल्या श्वासातली वाफ, आपला घाम, सगळ्यानेच चित्र खराब होतं. म्हणजे ज्या पाण्याने दरी केली आणि ज्या पाण्यातलं कमळ भिंतीवर आलं, त्याच पाण्यापासून चित्र जपावं लागतं. सुमारे १५०० वर्षं टिकलेला तो हत्ती माझ्या एका ओल्या हाताने पुसला गेला असता. पहारेकरी काकांचा राग तेव्हाच गेला.

घरी आल्यावर मी आमच्या पाझर तलावावर गेले. रोज त्याच वाटेने शाळेत येते, पण बगळा पाण्यावर उतरताना पाय आधी पुढे करतो, हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्याचं चित्र शेजारी लावलं आहे. जरूर पाहा, पण हात लावू नका हं!

— इयत्ता सातवीतील एक विद्यार्थिनी