बंदूक नसलेल्या बाया

1 जानेवारी 2025 ला गडचिरोलीत नक्षलवादी ताराक्का शरण आली. त्या दिवशीच्या 11 जणांत 8 बाया होत्या. ऑक्टोबरात तिचा नवरा भूपती 60 साथीदारांसह आला. तेव्हापासून जो तो ‘नक्षलमुक्त’चे पेढे वाटतोय. मीही एक खाल्ला, पण तो काही गोड लागला नाही.

1980 मध्ये नक्षलवादी गोदावरी ओलांडून सिरोंच्यात आले, 1982 मध्ये गडचिरोली जिल्हा झाला, 1993 मध्ये दारूबंदी झाली. ही जंत्री कोणत्याही पुस्तिकेत मिळेल. मी तिथे राहिले ती 2003 नंतरची दहा वर्षं.

पुण्या-मुंबईची मंडळी यायची. चहा हातात पडायच्या आत विचारायची, “नक्षल्यांच्या दलममध्ये बायाही बऱ्याच असतात म्हणे?” डोळ्यांत कौतुक मावायचं नाही. हाती बंदूक आली की बाई मोकळी झाली, असा त्यांचा हिशेब. घरच्यांनी ठरवलेलं लग्न चुकवायला पोरी जंगलात जायच्या, हे खरंच. पण तिथे मनासारखं लग्न करायचं तर नवऱ्याची नसबंदी आधी. हे वहीत कुणी उतरवून घेत नसे. मे 2009 मध्ये हत्तीगोट्याला 16 पोलीस मारले गेले, त्यांत 5 पोरी. मग ‘रणरागिणी’चे मथळे सुटले. त्यातला एक माझा. तो आता वाचवत नाही.

आरक्षणातून सरपंच झालेली बाई मात्र दोन्हीकडच्या लेखी नव्हतीच. दिवसा पोलीस विचारत, रात्री कुणाला भात घातला? रात्री दादालोक, म्हणजे नक्षलवादी, विचारत, दिवसा ठाण्यात काय सांगितलंस? धानोऱ्याकडे लेखा-मेंढ्याच्या ग्रामसभेने 2009 मध्ये वनहक्क मिळवला, 2011 मध्ये आपला बांबू आपण विकायचा परवाना घेतला. भामरागड-एटापल्लीत तसं का झालं नाही, असं मला आजही विचारतात. अहो, चार माणसं झाडाखाली बसली की तिथे दोन्हीकडून चौकशी व्हायची!

2012 मध्ये नक्षलवाद्यांच्या धमक्या आल्या आणि सरपंच-सदस्यांच्या राजीनाम्यांची रांग लागली. माझ्या ओळखीच्या एका सरपंचबाईने तिचा राजीनामा माझ्याकडूनच लिहवून घेतला. कारण काय टाकू, म्हटलं. “तब्येत लिहा, मॅडम.” तिची तब्येत ठणठणीत होती. मी लिहिलं.

ताराक्का शरण आली त्याच दिवशी गर्देवाड्याची एसटी सुरू झाली. लोहखनिजाच्या ट्रकांना सुरजागडचा रस्ता त्याच्या कितीतरी आधी मिळाला होता. गावोगावची कुर्माघरं आहेत तिथेच आहेत. पाळीच्या दिवसांत बाईने तिथेच बसायचं. शरण आलेल्यांना पैसे मिळतात, घर मिळतं. मिळू दे, त्यांनीही भोगलंय. पण ‘तब्येत’ लिहून घरी बसलेल्या बाईसाठी एखादी योजना अजून तरी माझ्या पाहण्यात नाही.

परवा तिचा फोन आला होता. तेंदूपत्त्याचा बोनस कधी निघतो, विचारत होती.