केसालाही धक्का न लावता

आई गेली, आणि भिंतीवर लावायला तिचा एकटीचा धड एक फोटोही घरात नाही, हे तेव्हा ध्यानात आले. होता तो लग्नातला. मागे आंब्याचे दाट झाड, शेजारी वऱ्हाडी मंडळी. पहिल्या दुकानदाराने आईला त्यातून असे कातरून दिले, की कपाळावर भुरभुरणाऱ्या पांढऱ्या बटा साफ नाहीशा! त्या बटा मागे सारणे हा आमच्या धाकटीचा नित्याचा चाळा. ती म्हणाली, "ही आजी नव्हेच."

शेवटी तुर्भ्याच्या एका तरुण छायाचित्रकाराला गाठले. तो म्हणाला, "सर, केस कातरायचे नसतात, रंगावरून वेगळे काढायचे असतात."

वाचकहो, संगणकावरचे चित्र म्हणजे तांबडा, हिरवा नि निळा असे तीन थर, म्हणजेच चॅनेल. युक्ती जुनीच, १८६१ साली मॅक्सवेलने तीन रंगांची तीन चित्रे पडद्यावर एकत्र करून रंगीत छायाचित्र दाखविले होते. आईच्या फोटोतल्या निळ्या थरात पाने जवळजवळ काळी, केस मात्र शुभ्र! त्याने त्या थराची नक्कल काढली, कारण मूळ थराला हात लावला तर रंगच बिघडतात. मग काळे अधिक काळे, पांढरे अधिक पांढरे केले. चेहरा नि लुगडे कुंचल्याने पांढरे भरले, वऱ्हाडी काळ्याने पुसले. झाला मुखवटा! पांढरे तेवढे दिसते, काळे झाकते, करडे अर्धेमुर्धे राहते; म्हणून केसांची टोके तुटत नाहीत.

यंदाच्या दिवाळीत फोटो भिंतीवर लागला. धाकटीने काचेवरून हळूच बोट फिरविले. बटा मागे सारीत.