हे पाणी कोणाचं?

मंडळी, एचआयव्हीचं प्रोटिएज घ्या. विषाणूची लांबलचक प्रथिनं कापणारं हे प्रथिन. त्याला दोन झडपा. औषधाचा रेणू आत शिरला की त्या मिटतात. पण झडपा आणि औषध यांच्यामध्ये पाण्याचा एकच रेणू अडकून बसतो, दोन हायड्रोजन बंध इकडे, दोन तिकडे. मग हे पाणी प्रथिनाचं की भोवतालचं? आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांचा हा आवडता खेळ, पण इथे त्यावर औषध ठरत होतं. १९९४ साली ड्यूपाँ मर्कच्या संशोधकांनी चक्रीय युरियाचे रेणू मांडले. त्यांचा ऑक्सिजन नेमका त्या पाण्याच्या जागी बसतो. जखडलेलं पाणी मोकळं झालं की एन्ट्रॉपी वाढते, तेवढी पकड घट्ट. अर्थात, पाण्याचे तुटलेले बंध नव्या रेणूने भरून काढले तरच!