‘संकीर्ण’ची जाड फाइल: संस्थेतल्या ज्ञानाच्या वर्गीकरणाविषयी काही गैरसमज

जुन्या कचेरीत एक फाइल हमखास सापडते. तिच्यावर ‘संकीर्ण’ लिहिलेलं असतं आणि ती शेजारच्या सगळ्या फायलींपेक्षा जाड असते. कागद कपाटातून कंप्युटरवर गेले तेव्हा संकीर्णही मागोमाग गेली. तिथं तिचं नाव ‘इतर’ असतं, ‘जनरल’ असतं, नाहीतर नुसतंच ‘न्यू फोल्डर’. आणि त्यातला नेमका कागद हवा असला की अजूनही एकच उपाय चालतो: स्टोअरमधल्या काकांना विचारा. काका पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होणार असतात, ही गोष्ट वेगळी.

अहवाल, निविदा, दुरुस्तीच्या नोंदी, तक्रारींना दिलेली उत्तरं असं जे काही संस्थेला ठाऊक आहे, ते काकांशिवायही सापडावं म्हणून त्याचे वर्ग आणि नावं ठरवायची, या कामाला टॅक्सॉनॉमी म्हणतात. शब्द मूळचा वनस्पतिशास्त्रातला. द कांदोल या स्विस शास्त्रज्ञानं तो १८१३ साली वापरात आणला. या शब्दासोबत एक चित्रही आलं, फांद्याफांद्यांच्या झाडाचं, ज्यात प्रत्येक जातीला एकच फांदी असते. पुढच्या बऱ्याच घोटाळ्यांचं मूळ या चित्रात आहे. पण त्याआधी सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप निकालात काढू.

‘सर्च आहे की! वर्ग कशाला पाडायचे?’

अमेरिकेतल्या बेल कम्युनिकेशन्स रिसर्च या संस्थेतल्या जॉर्ज फर्नास आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली एक साधा प्रश्न तपासला: एकाच गोष्टीला दोन माणसं आपणहून एकच नाव देतात का? फार क्वचित. त्यांनी तपासलेल्या प्रत्येक क्षेत्रात ही शक्यता २० टक्क्यांच्याही खाली निघाली. म्हणजे कागद ठेवणाऱ्यानं वापरलेला शब्द शोधणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा येईल, असं पाचांतून एकदाही धरता येत नाही.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर सातबारा घ्या. कोणी ‘सातबारा’ लिहितो, कोणी ‘७/१२’, कोणी नुसता ‘उतारा’. तलाठ्याच्या लेखी तो गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. कायद्याच्या पुस्तकात यातला सात म्हणजे अधिकार अभिलेख. सर्चला अक्षरं जुळवता येतात. ही सगळी नावं एकाच कागदाकडे जातात, हे आधी कोणीतरी त्याला सांगून ठेवावं लागतं.

आता नवी यंत्रं अर्थही ओळखू लागली आहेत, हे खरं. सातबारा आणि गाव नमुना सात यांचं नातं त्यांना कळतं, कारण ते हजार ठिकाणी लिहिलेलं आहे. पण तुमच्या कारखान्यात ‘दोन नंबर लाइन’ म्हणजे कोणतं मशीन, आणि ‘साहेबांचा फॉरमॅट’ म्हणजे कोणता तक्ता, हे जगात दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही.

‘प्रत्येक गोष्टीला एकच जागा हवी’

हे झाडाच्या चित्राचं वारसदार मत. फडताळात एक पुस्तक एकाच जागी राहतं, म्हणून ग्रंथपालाला जागा ठरवावीच लागते. ही अडचण लाकडाच्या फळीची आहे, ज्ञानाची नव्हे. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं १९६० पासून चालवलेल्या ‘मेश’ या वैद्यकीय शब्दावलीत डोळा दोन ठिकाणी आहे, चेहऱ्याच्या भागांत आणि ज्ञानेंद्रियांत. कोणत्याही वाटेनं गेलं तरी शेवटी डोळाच भेटतो.

याहून पुढचा विचार केला तो शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. ते गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि शिकायला लंडनला गेले. सेल्फ्रिजेस या दुकानात त्यांना मेकॅनो दिसला. पट्ट्या, चाकं, नट-बोल्ट यांतून हवी ती वस्तू जोडायचा तो खेळ. विषयांची तयार खोकी कशाला करून ठेवायची? सुटे भाग द्यावेत, ज्याचा त्यानं विषय जोडून घ्यावा. ही कल्पना ‘कोलन क्लासिफिकेशन’ या नावानं १९३३ साली पुस्तकरूपात आली. पुढे त्यांनी हे सुटे भाग पाच मूळ पैलूंत बसवले: मुख्य विषयवस्तू, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ. ‘कोकणातल्या भातावरील करप्याचं नियंत्रण, २०१९’ या अहवालासाठी मग खोकं शोधत बसावं लागत नाही. भात, करपा, नियंत्रण, कोकण, २०१९ हे तुकडे एकमेकांना जोडले की झालं.

याचं गणितही पाहण्यासारखं आहे. चार पैलू घेतले आणि प्रत्येकात दहाच शब्द ठेवले, तर सांभाळायचे शब्द ४० आणि त्यांतून होणाऱ्या जोडण्या १०,०००. तेच एका झाडात बसवायचं तर दहा हजार टोकं काढत बसा.

गंमत अशी की आपल्या सरकारी कचेऱ्यांना पैलूंची ही कल्पना अजिबात परकी नाही, फक्त तिला कोणी हे नाव दिलं नाही. सहा गठ्ठे पद्धतीत कागद कोणत्या अवस्थेत आहे ते कळतं: कार्यवाही बाकी आहे, कोणाच्या तरी उत्तरासाठी प्रतीक्षाधीन आहे, की अभिलेख कक्षाकडे निघाला आहे. अ, ब, क, ड या वर्गांवरून तो किती काळ जपायचा ते कळतं. अ वर्ग कायमचा, ब वर्ग ३० वर्षं. आणि विषय तिसराच असतो, जमीन, पाणी किंवा आस्थापना. एकच कागद एकाच वेळी तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो. पण हेच कर्मचारी संगणकावर फोल्डर करायला बसले की ‘प्रतीक्षाधीन’, ‘जमीन’ आणि ‘२०२१’ हे तीन फोल्डर शेजारी शेजारी टाकतात. मग २०२१चं प्रतीक्षाधीन जमीन प्रकरण यांतल्या कुठे ठेवायचं, यावर जेवणाच्या सुट्टीत वाद होतो.

‘प्रमाण शब्द ठरला की बाकीचे बंद’

शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंते यांच्याकडे सोपवलेला ‘राज्यव्यवहारकोश’ आपण भाषाशुद्धीचा ग्रंथ म्हणून ओळखतो. माहितीच्या व्यवस्थापनाच्या नजरेनं पाहिलं तर तो एका नव्या राज्याचा शब्दसंग्रह आहे, आणि त्याची मांडणी अकारविल्हे नाही. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, पण्यवर्ग असे त्यात दहा वर्ग आहेत. कारभारात रुळलेले फारसी-अरबी शब्द एका बाजूला आणि त्यांच्यासाठी ठरवलेले संस्कृत शब्द दुसऱ्या बाजूला, असे जवळजवळ चौदाशे शब्द. कारभारासाठी याहून नेटकी टॅक्सॉनॉमी सतराव्या शतकात दुसरी असेल तर मला पाहायला आवडेल.

पण पुढे काय झालं? १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनीसाचा सचिव, डबीराचा सुमंत. बाजीरावांच्या शिक्क्यावरही ‘मुख्य प्रधान’ असंच आहे. तरी लोकांच्या तोंडी ते पेशवेच राहिले. पुण्याला पेशव्यांचं पुणे म्हणतात, मुख्य प्रधानांचं नाही. आणि मुजुमदार, सुरनीस, डबीर हे शब्द तर आडनावं होऊन आपल्या सोसायट्यांच्या पाट्यांवर बसले आहेत.

आज जो कोणी दप्तरात पेशव्यांविषयी शोधेल तो ‘पेशवा’च टाइप करेल. टॅक्सॉनॉमीनं त्याला अडवायचं नसतं, ‘मुख्य प्रधान’पाशी नेऊन सोडायचं असतं. शब्दावल्या कशा बांधाव्यात यासाठी आयएसओ २५९६४ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा नियम सोपा आहे: एका संकल्पनेला एका भाषेत पसंतीचा शब्द एकच, पर्यायी शब्द हवे तितके. पर्यायी शब्द चुकीचे नसतात. ते मागचे दरवाजे असतात, आणि घरात बहुतेक माणसं मागच्या दरवाजानंच येतात.

‘विभागांची यादी केली की झालं’ असंही पुष्कळ ठिकाणी समजतात, कारण ती यादी तयार असते. तिच्यावरून वर्ग पाडू नयेत. विभाग जोडले जातात, तुटतात, नव्या साहेबांबरोबर त्यांची नावं बदलतात. पंपाची गळती मात्र पंपाची गळतीच राहते. शिवाय शोधणाऱ्याला कागद कोणत्या विभागानं केला हे बहुधा माहीतच नसतं.

‘तयार विकत आणू’

जरूर आणावी, देशांची नावं, रोगांची नावं, पिकांची नावं पुन्हा नव्यानं करण्यात अर्थ नाही. पण तयार वर्गांबरोबर ते करणाऱ्याची नजरही घरात येते. मेल्विल ड्युई यांनी १८७६ साली दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केलं. त्यात धर्माला २०० हा आकडा आहे. २२० ते २८० ख्रिस्ती धर्मासाठी, आणि उरलेल्या जगाचे सगळे धर्म २९० मध्ये दाटीवाटीनं. हिंदू धर्म २९४.५. अमेरिकेतल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी ते ठीक होतं, तिथं पुस्तकंच तशी होती. तोच आकडा पंढरपूरच्या ग्रंथालयात आणला की वारकरी वाङ्मयाला लांबलचक अपूर्णांक चिकटतो.

‘हे तज्ज्ञांचं काम, आपल्याला शिकता येणार नाही’

रंगनाथन तिशी ओलांडल्यावर शिकले. आणि इथं तर सुरुवात पत्त्यांच्या खेळासारखी असते. आपल्या संस्थेतले शंभर कागद निवडा आणि गेल्या वर्षात लोकांनी खरोखर विचारलेले पन्नास प्रश्न. एकेका कार्डावर एकेक लिहा. पाच-सहा वेगवेगळ्या कामांची माणसं बसवून म्हणा, जे एकत्र वाटतं ते एकत्र ठेवा आणि गठ्ठ्याला नाव द्या. मध्ये बोलू नका. इथंच बहुतेक नवशिके चुकतात, त्यांना आपली यादी सिद्ध करायची घाई असते. स्टोअर, खरेदी आणि वर्कशॉप यांनी त्याच कार्डांचे वेगळे गठ्ठे केले, की संस्थेत किती भाषा बोलल्या जातात ते पहिल्यांदा दिसतं.

मग नाती तपासायची. प्रत्येक सेंट्रिफ्यूगल पंप हा पंप असतो, म्हणून तो पंपाखाली बसतो. इंपेलर हा पंप नव्हे, पंपाचा भाग आहे. गळती भागही नव्हे, ती घटना आहे. आणि चार नंबरचा पंप हा कोणताही पंप नव्हे, तो एकच, शेडमध्ये उभा असलेला. ‘पंप’ या फोल्डरात सहसा हे सगळे एका रांगेत उभे असतात. ‘प्रत्येक अमुक हा तमुक असतो का?’ हा एकच प्रश्न विचारायची सवय लागली तरी निम्मा गोंधळ निस्तरतो.

शेवटची परीक्षा जरा लाजवणारी. तेच वीस कागद दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून वर्ग द्यायला लावा. जिथं त्यांचं जुळत नाही तिथं शब्द बदलण्याआधी त्याची व्याप्ती लिहून ठेवा: ‘देखभाल’ म्हणजे वेळापत्रकानुसार केलेलं काम, ब्रेकडाउननंतरची दुरुस्ती यात नाही. एवढी एक ओळ.

राहिला ‘एकदा केलं की झालं’ हा भाबडेपणा. मेशची शब्दावली दरवर्षी सुधारली जाते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं पाककृतींच्या पुस्तकांना वर्षानुवर्षं ‘कुकरी’ हा जुनाट शब्द चालवला आणि २०१० साली तो बदलून ‘कुकिंग’ केला. स्वयंपाक तोच, पण वाचक कधीचा दुसरा शब्द बोलू लागला होता. कुठे दुरुस्ती हवी हे कळायला तुम्हाला मोठं ऑडिटही नको. दर तीन महिन्यांनी ‘संकीर्ण’ उघडायची आणि वाचायची. त्यात एकाच जातीचे आठ-दहा कागद सापडले, तर तो वर्ग तुमच्या यादीत नव्हता. लोकांनी तो तुमच्यासाठी तिथं जमवून ठेवलेला असतो.